उपयोक्ता कोण? – श्वानांचा आहार आणि आपली औषधी दुकाने

भटक्या कुत्र्यांना अन्न घालावे की न घालावे, घालावयाचे तर कोठे घालावे, या प्रश्नावर अलीकडच्या काळात आपल्या विदर्भात बराच वाद झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक ठिकाणी असे अन्न घालण्यास मनाई केली. पुढल्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाच्या आधारे कोणावर सक्तीची कारवाई करण्यास पायबंद घातला. पुढे २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात त्याच न्यायालयाने प्रभागनिहाय जागा नेमून द्याव्यात असे सांगितले. या सर्व खटाटोपात अन्न 'कोठे' याचा पुष्कळ कीस पाडला गेला. परंतु 'कोणते' अन्न, हा प्रश्न बाजूलाच राहिला. न्यायालयाने तो सोडवावा अशी अपेक्षाही नाही. तो वैद्यकाचा प्रश्न आहे.

आपल्या त्रैमासिकात कुत्र्यांच्या आहाराचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. विषय आपल्या दारात येऊन उभा आहे म्हणून. तिवसा हे महामार्गावरील तालुक्याचे गाव. येथे शेतकऱ्याच्या अंगणात राखणीचा गावरान कुत्रा पूर्वीपासून आहे. आता नोकरदारांच्या घरी पामेरियन आणि लॅब्रॅडॉरही आले आहेत. कुत्र्याला हगवण लागली, तो जेवेनासा झाला, त्याला गोचीड झाले, की मालक पशुवैद्यकीय दवाखान्यात जाण्याआधी ओळखीच्या वैद्याकडे किंवा आयुर्वेदिक औषधी दुकानात येतो. 'झाडपाल्याचे काहीतरी द्या, म्हणजे अपाय नाही,' ही त्याची मागणी ठरलेली. आमच्या मते या वाक्याचा उत्तरार्ध आपणच समाजाच्या मनात रुजविला आहे, आणि तोच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात आहाराच्या हिताहिताची आठ आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. बी.ए.एम.एस.च्या परीक्षेसाठी आपण सर्वांनी ती पाठ केली. व्यवहारात मात्र पहिल्या सातांवर आपला भर असतो आणि आठवे आयतन आपण गृहीत धरतो, कारण समोर बसलेला उपयोक्ता मनुष्यच असतो. तो मनुष्य नसेल तर? चरकाचार्यांना हा भेद पूर्ण ठाऊक होता. सिद्धिस्थानातील फलमात्रासिद्धी या अध्यायात हत्ती, उंट, गाय, घोडा आणि शेळ्या-मेंढ्या यांच्यासाठी बस्तीचे वर्णन करताना त्यांनी यंत्र, मात्रा आणि द्रव्ये प्राणिपरत्वे वेगळी सांगितली. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानाच्या आरंभी विषमिश्रित अन्नाच्या परीक्षेत निरनिराळ्या पक्ष्यांवर होणारे निरनिराळे परिणाम नोंदविले. एकाचे डोळे बदलतात, दुसऱ्याचा स्वर बदलतो. विष एकच, परंतु शरीर वेगळे म्हणून लक्षण वेगळे. श्वान मात्र आपल्या संहितांत भेटतो तो मुख्यतः अलर्कविषाच्या प्रकरणी, म्हणजे मनुष्याला चावणारा म्हणून. त्याच्या ताटाकडे आपले शास्त्रकार फारसे वळले नाहीत. ती उणीव आज आधुनिक पशुवैद्यकाने भरून काढली आहे आणि ते ज्ञान स्वीकारण्यात आपल्याला कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

उपयोक्ताभेदाचे उदाहरण आपल्या वऱ्हाडातील कोणत्याही अंगणात सापडते. सरकीची ढेप खाऊन गाय दूध देते, बैल नांगराला चालतो. त्याच गव्हाणीखाली सांडलेली सरकी किंवा ढेप कुत्रा वरचेवर खाऊ लागला तर तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य त्याच्या हृदयावर घाला घालते. रवंथ करणाऱ्या पूर्ण वाढीच्या जनावराच्या पोटात हे द्रव्य बऱ्याच अंशी बांधले जाऊन निरुपद्रवी होते. लहान वासराला ती सोय नसते, कुत्र्याला तर मुळीच नसते. कापसाच्या मुलखात राहून ही गोष्ट किती जणांच्या कानावर आहे? ढेपेला बुरशी आली असेल तर आणखी एक संकट. बुरशी लागलेले भुईमुगाचे दाणे, मका आणि ढेप यांतील अफ्लाटॉक्सिनाने यकृत निकामी होते, आणि कुत्रा हा या विषाला विशेष बळी पडणारा प्राणी आहे. 'माणसाला चालत नाही, कुत्र्याला टाका' ही आपल्या घरातील सवय येथे सर्वांत महाग पडते.

स्वयंपाकघरातील पहिला अपराधी कांदा, आणि त्याहून कडक लसूण. या दोहोंतील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशींची नासाडी करतात. शिजविल्याने, तळल्याने किंवा वाळवून भुकटी केल्याने हा दोष जात नाही. भुकटीत तर तो एकवटतो. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधा दिसू लागते, असे पशुवैद्यकाचे निरीक्षण आहे. पंधरा किलोच्या गावरान कुत्र्याला हे प्रमाण पंच्याहत्तर ग्रॅम, म्हणजे मध्यम आकाराचा एक कांदा. पामेरियन जेमतेम चार किलोचा. त्याला वीस ग्रॅम पुरे. कांदा घातलेले पिठले, रश्श्यात बुडविलेली भाकरी, महाप्रसादाची उरलेली वांग्याची भाजी, यांतून रोज थोडे थोडे पोटात जाणारे प्रमाणही साचत जाते.

लसणाविषयी आपल्या व्यवसायाने अधिक सावध राहावे असे आम्हास वाटते. कृमिघ्न म्हणून लसणाची कीर्ती मोठी. तेव्हा कुत्र्याच्या जंतांवर आणि गोचिडांवर लसूण चारावा, असा सल्ला गावोगावी मिळतो आणि कधीकधी तो वैद्याच्या तोंडूनही मिळतो. मनुष्याच्या कोठ्यातील अनुभव श्वानाच्या कोठ्याला लागू करण्याचा हा नमुना होय. लशुनादि वटी ही कुत्र्याला देण्याची वस्तू नव्हे.

या विषबाधेची फसवी बाजू म्हणजे तिचा काळ. कांदा खाल्ल्याबरोबर काही होत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, मूत्र तांबडे-काळसर होते, डोळ्यांत पिवळेपणा दिसतो. तोवर चार दिवसांपूर्वीचे पिठले कोणाच्या ध्यानात असते? पिवळेपणा पाहून मालक म्हणतो 'कावीळ', आणि कावीळ म्हटली की आपल्या भागात माणूस आयुर्वेदाकडेच येतो. तेथे कुटकी किंवा आरोग्यवर्धिनी हाती पडली की रोगाचे मूळ तसेच राहते आणि दोन मोलाचे दिवस जातात. शिवाय कुत्र्याचा पिवळेपणा नेहमी आहारजन्यच असतो असेही नाही. गोचिडांमुळे होणारा बॅबेसिया ज्वर असू शकतो. लेप्टोस्पायरा असू शकतो, आणि हा दुसरा रोग मूत्रावाटे घरातील माणसांना होतो. ज्या घरी आपण पुडी बांधून देऊ त्या घरातील मूल दुसऱ्या दिवशी तो ओटा पुसत असेल. पिवळ्या डोळ्यांच्या कुत्र्यासाठी औषध मागणाऱ्याला रिकाम्या हाती पशुवैद्यकाकडे पाठविणे हाच तेथे चिकित्साधर्म आहे.

आता आपल्या दुकानातील मांडणीकडे वळू. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे खाल्ल्याने कुत्र्यांची वृक्के अचानक निकामी होतात, ही गोष्ट या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील विषबाधा-नोंदींतून पुढे आली. कारण मात्र कित्येक वर्षे कळत नव्हते. २०२१ मध्ये तेथील पशुवैद्यकांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले, कारण तेच आम्ल असलेली बेकरीची पावडर आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तशीच लक्षणे आढळली होती. द्राक्षाची जात, पक्वता आणि जमीन यांनुसार हे आम्ल कमीअधिक असते. म्हणूनच 'आमच्या कुत्र्याने मूठभर मनुका खाल्ल्या, काही झाले नाही' असे सांगणारा खोटे बोलत नसतो आणि तरीही दुसऱ्याचा कुत्रा तेवढ्यानेच दगावतो. अमुक इतक्या मनुका निर्धोक, असे प्रमाण कोणी ठरवून दिलेले नाही. चिंचेचे सार आणि चिंचगुळाची आमटी यांनाही हाच न्याय लावावा.

वैद्यबंधूंनी येथे क्षणभर थांबून आपल्या पाठांची आठवण करावी. द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट यांची नावेच बोलकी आहेत. परंतु अतिसारावर ज्याचा हात सर्वप्रथम जातो त्या कुटजारिष्टात कुटजाच्या एका तुलेला मृद्वीका अर्धी तुला आहे. मलावरोधावरील अभयारिष्टातही मृद्वीका अर्धी तुला. दशमूलारिष्टात द्राक्षा आहे, च्यवनप्राशात मृद्वीका आहे. मनुष्यात यांतील द्राक्षा बल्य, सर, श्रमहर. तिच्याबद्दल आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. हगवण लागलेल्या कुत्र्यासाठी मात्र गिऱ्हाइकाने 'पोटाचे औषध' मागावे आणि दुकानदाराने सवयीने कुटजारिष्टाची बाटली पुढे करावी, यात मनुकेचा अंश आणि मद्यांश अशी दोन विघ्ने एकाच झाकणाखाली जातात. संधानकल्पांत स्वयंजात मद्यांश बारा टक्क्यांपर्यंत असू शकतो. चार किलोच्या प्राण्याला दोन चमचेही पुष्कळ होतात. हगवणीने आधीच जलक्षय झालेल्या जिवाच्या वृक्कांवर हा भार पडतो, हे वेगळे सांगावयास नको. अरिष्टातील मनुकेचा किती अंश अखेर बाटलीत उतरतो, असा तार्किक प्रश्न एखादा रसशास्त्रज्ञ विचारील. प्रश्न योग्य आहे. पण त्याचे उत्तर दुसऱ्याच्या कुत्र्यावर शोधू नये.

नव्या काळाची एक भर म्हणजे झायलिटॉल. मधुमेह्यांसाठीच्या साखरविरहित गोळ्या, चघळण्याचे गम, काही मुखशुद्धीची द्रव्ये आणि टूथपेस्ट यांत ही गोडी वापरतात. मनुष्याला ती सोसते. कुत्र्याच्या शरीरात मात्र तिने इन्सुलिनचा लोंढा सुटतो आणि रक्तातील साखर एकदम कोसळते. वजनाच्या दर किलोला ०.१ ग्रॅम एवढ्यानेही हे घडू शकते, अधिक प्रमाणात यकृतही जाते. सॉर्बिटॉल, सुक्रालोज आणि स्टीव्हिया यांचा हा गुण नाही, तेव्हा सर्व 'शुगर-फ्री' मालाला एकच दोष लावू नये, लेबल वाचावे. औषधी दुकानदारांनी निदान आपल्या दुकानातील साखरविरहित मालात झायलिटॉल कशाकशात आहे याची एक यादी गल्ल्याजवळ ठेवावी.

चॉकलेटविषयी आता शहरांतून बरीच जागृती आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. त्यातील थिओब्रोमिन कुत्र्याच्या शरीरातून फार सावकाश निघते. दुधाच्या चॉकलेटात ते कमी, काळ्या कडवट चॉकलेटात दुपटीहून अधिक आणि कोको पावडरीत सर्वांत जास्त. पामेरियनला काळ्या चॉकलेटचा पंधरा-वीस ग्रॅमचा तुकडा उलट्या आणि छातीची धडधड यांसाठी पुरतो. उरलेला कडक चहा बशीत ओतून देणेही त्याच जातीचे. शिजविलेली हाडे फुटून आतड्यात रुततात. जायफळ, कापूर, निलगिरीचे तेल ही आपल्या कपाटातील द्रव्ये कुत्र्याच्या पोटात जाऊ नयेत. अंगाला लावलेले तेल तो चाटतो, हे लेप सुचविणाऱ्याने विसरू नये.

मग घालावे काय? येथे आमचा सूर निराळा आहे. भीतीचा बाजार मांडणाऱ्यांशी आमचे जमत नाही. कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या भाकरीवर वाढला आहे. पिष्ट पचविणाऱ्या पाचकद्रव्याची जनुके लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक संख्येने असतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. आपली साधी ज्वारीची भाकरी, मऊ भात, फोडणी न दिलेले मुगाचे किंवा तुरीचे वरण, उकडलेले अंडे, हाडाविना शिजविलेले मांस, थोडे दही किंवा पातळ ताक, उकडलेला लाल भोपळा, गाजर, बिया काढलेली पपई आणि टरबूज, हे सर्व त्याला चालते. वरणातील चिमूटभर हळदीने बिघडत नाही. केवळ भाकरीवर त्याचे भागत नाही, एवढे ध्यानात ठेवावे. त्याला मांसरसाची किंवा अंड्याची जोड लागते. दूध पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना पचत नाही आणि हगवण लागते. सणावारी तुपात थबथबलेल्या पुरणपोळ्या आणि तळण घातले तर स्वादुपिंडाचा दाह होऊ शकतो. वरण मुलांच्या ताटात पडण्याआधी, म्हणजे फोडणी घालण्याआधी, कुत्र्याचा वाटा बाजूला काढणे, एवढा एक बदल घरातील गृहिणीने केला तरी निम्मे काम होते.

यावर आक्षेप ठरलेला आहे : 'गावची कुत्री उकिरड्यावर सारे खातात आणि मजेत जगतात.' ती किती वर्षे जगतात हे कोणी मोजले? रस्त्यावर मेलेल्या कुत्र्याचे शवविच्छेदन होत नाही, मृत्यूचे कारण कोणी लिहीत नाही. गिधाडांच्या बाबतीत असेच झाले होते. गायीबैलांच्या दुखण्यावर गुणकारी ठरलेले डायक्लोफेनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची वृक्के बंद पडली. २००४ मध्ये हे कारण उघड झाले, २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात बंदी आली. तोवर आपल्या गावांवर घिरट्या घालणारी गिधाडे दिसेनाशी झाली होती. बैलाला तारणारे औषध गिधाडाला मारते, हे उपयोक्ताभेदाचे याहून मोठे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. त्याच डायक्लोफेनॅकच्या, आयब्युप्रोफेनच्या आणि पॅरासिटामॉलच्या गोळ्या लोक लंगडणाऱ्या कुत्र्याला भाकरीत घालून देतात. आपल्या दुकानांत आधुनिक औषधेही विकली जात असतील तर हा प्रश्न तेथेही लागू पडतो.

विषारी पदार्थ खाल्लेला कुत्रा दारात आणला गेला तर वैद्याच्या मनात पहिला विचार वमनाचा येतो. तो आवरावा. मिठाचे पाणी पाजून उलटी करविण्याचा उपाय कुत्र्यात घातक आहे, कारण त्याने रक्तातील सोडियम भयंकर वाढते. मदनफळाचा प्रयोग तर करूच नये. पहिल्या दोनेक तासांत पशुवैद्यक सुरक्षित औषधाने उलटी करवू शकतो. म्हणून वेळ उपचारात नव्हे, प्रवासात घालवावा. काय खाल्ले, किती खाल्ले, केव्हा खाल्ले आणि कुत्र्याचे वजन किती, या चार गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात आणि वेष्टन असल्यास सोबत पाठवावे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना बंद असल्यास अमरावती गाठावी. अवघड रुग्णासाठी अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यकीय संस्था आणि नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

कायद्याची बाजूही स्वच्छ समजून घ्यावी. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदिक औषधाच्या व्याख्येत मनुष्यांसोबत प्राण्यांचाही समावेश आहे. त्यामुळे प्राण्यांसाठीची आयुर्वेदिक औषधे रीतसर परवान्याने तयार होतात, ती विकण्यास हरकत नाही आणि त्यांतील कित्येक चांगलीही आहेत. परंतु पशुचिकित्सा करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाला आहे, बी.ए.एम.एस. पदवीने तो मिळत नाही. आपल्या पदवीच्या कक्षेत इतरांनी घुसू नये म्हणून आपली संघटना वर्षानुवर्षे झगडते. तेव्हा दुसऱ्याच्या कक्षेची चाड आपणही ठेवली पाहिजे. काही बंधूंना यात व्यवसायाचे नुकसान दिसेल. गल्ल्यावरची एक बाटली कमी खपेल, हे खरे. परंतु आयुर्वेदिक औषधाने कुत्रा मेला, ही बातमी तालुक्यात पसरल्यावर किती बाटल्या परत येतील, याचाही हिशेब त्यांनी करावा.

संघटनेपुढे आमच्या दोन सूचना आहेत. द्राक्षा, मृद्वीका किंवा लशुन असलेल्या कल्पांच्या वेष्टनावर 'प्राण्यांना देऊ नये' अशी ओळ छापण्याची विनंती निर्मात्यांना करावी. यासाठी सरकारी आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. दुसरी सूचना दुकानदारांसाठी. अतिसार, कृमी, कावीळ आणि त्वचारोग यांवरील औषध कोणी चिठ्ठीविना मागितले, तर पैसे घेण्याआधी 'कोणासाठी?' एवढे विचारण्याची पद्धत पाडावी. गिऱ्हाईक आपण होऊन सांगत नाही; विचारले की लगेच सांगते. आमच्या तिवश्याच्या चिकित्सालयात औषध देणाऱ्या मुलाला आम्ही हीच सवय लावली आहे, आणि पुडीवर रुग्णाचे नाव व वय लिहिल्याशिवाय तो पुडी बांधत नाही.